म्हातारचळ : खर्च कोणाच्या पदरी?



गोंदियाहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की आमगाव आणि सालेकसा ही स्टेशनं मागे पडतात, डोंगर जवळ येतो, आणि दरेकसा लागतं. पुढं थोडक्यात छत्तीसगडची हद्द. नागपूरपासून राजनांदगावपर्यंतचा हा लोहमार्ग १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झाला. म्हणजे मुंबई-कलकत्त्याची वाहतूक या गावाच्या दारावरून जाऊ लागली त्याला शंभरावर वर्षं झाली. पण आज मी तुम्हाला आगगाडीचा इतिहास सांगणार नाही, आणि हाजरा धबधब्याचाही नाही. इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढं किल्ले, लढाया आणि सनदा येतात. घरातल्या हिशेबाचाही एक इतिहास असतो. तो कोणी लिहून ठेवत नाही एवढंच. ज्या घरात एका म्हाताऱ्या माणसाची आठवण गेली, त्या घरात त्याच्या सांभाळाचा खर्च आजवर कोणी सोसला, आणि राजानं, सरकारनं, कायद्यानं त्यातला किती उचलला, हा आजचा विषय.

आपल्याकडं या दुखण्याला जुना शब्द आहे, म्हातारचळ. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तर पोरासोरांच्याही तोंडी असते. म्हण मजेची आहे, पण तिनं एक नुकसान केलं. वय झालं की असं व्हायचंच, असं तिनं आपल्याला पटवून दिलं. वास्तविक साठी उलटलेल्या बहुतेक माणसांची बुद्धी शाबूत असते. चावी कुठं ठेवली हे विसरणं वेगळं, आणि चावी कशासाठी असते हेच विसरणं वेगळं. दुसरा प्रकार हा रोग आहे. डॉक्टर त्याला स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. त्याची कारणं पुष्कळ आहेत, आणि त्यांतलं सर्वांत मोठं आहे अल्झायमरचा आजार.

या आजाराच्या शोधाची हकीगत आपल्या विषयाला अगदी लागून आहे. १९०१ साली जर्मनीतल्या फ्रँकफुर्टच्या इस्पितळात एका एक्कावन्न वर्षांच्या बाईला तिच्या नवऱ्यानं आणून दाखल केलं. तिला काही आठवत नव्हतं, तिचा संशय वाढला होता, रात्री ती घरभर हिंडायची. डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी तिची तपासणी बारकाईनं टिपून ठेवली. १९०६ साली ती वारली. त्याच वर्षी नोव्हेंबरात डॉक्टरांनी तिच्या मेंदूत काय दिसलं ते सभेत मांडलं, आणि १९१० साली या दुखण्याला त्यांचं नाव मिळालं. हे पुस्तकातून सांगतात. कमी सांगतात ते असं, की त्या बाईचा नवरा रेल्वेत कारकून होता, आणि इस्पितळाचा खर्च त्याला पेलेना. बायकोला स्वस्त ठिकाणी हलवावं म्हणून तो खटपट करू लागला. तेव्हा अल्झायमर मध्ये पडले. तिला इथंच ठेवा, बदल्यात तिची कागदपत्रं आणि मृत्यूनंतर तिचा मेंदू मला अभ्यासाला मिळावा, असा तोडगा निघाला. म्हणजे पाहा, ज्या पहिल्या रोगिणीमुळं हा आजार जगाला कळला, तिच्याही उशाशी बिलाचा प्रश्न बसलेलाच होता!

आता आपल्या मुलखाकडं वळू. पूर्वी काय सोय होती? एकत्र कुटुंब होतं, हे उत्तर तयारच असतं. ते खरं आहे, पण अर्धं. एकत्र कुटुंबात सांभाळ फुकट होत नव्हता. त्याचा खर्च धान्याच्या कणगीतून आणि बायकांच्या कष्टांतून भागत होता, आणि तो वहीत चढत नव्हता इतकंच. कुटुंब विभक्त होण्याची वेळ आली की हा खर्च एकदम उघडा पडे. म्हणून आपल्या गावरहाटीत वाटणीच्या वेळी दोन तऱ्हा पडल्या. एक तऱ्हा अशी, की आईबापांच्या नावे जमिनीचा एक तुकडा निराळा ठेवायचा. जो त्यांना सांभाळील त्यानं तो कसावा. हा मोठा शहाणपणाचा मार्ग होता. सांभाळणाऱ्याच्या कष्टाला त्यात मोल होतं. दुसरी तऱ्हा म्हणजे पाळी. महिनाभर थोरल्याकडं, महिनाभर धाकट्याकडं. खर्चाची वाटणी यात बरोबर होते, भावाभावांत तंटा राहत नाही. पण ज्याची आठवण गेली आहे त्या माणसाला ही पाळी बाधते. त्याला नवी खोली, नवा दरवाजा, नवी मोरी ध्यानात राहत नाही. महिन्या-महिन्याला घर बदललं की तो आणखी गोंधळतो, रात्री उठतो, बाहेर पडतो. दरेकशासारख्या गावी बाहेर एका बाजूला रूळ आहेत आणि दुसऱ्या बाजूला जंगल. वाटून घ्यायचंच असेल, तर पैसा वाटून घ्यावा, रात्रीची जागरणं वाटून घ्यावीत. म्हाताऱ्या माणसाला तेवढं एका खाटेवर राहू द्यावं.

या भागात गोंड समाजाची वस्ती मोठी. दरेकशाजवळच कचारगडची गुहा आहे. माघी पौर्णिमेला तिथं दूरदूरचे गोंड बांधव जमतात. आपल्या देवांची, कुळांची आणि लिंगोची कथा या समाजानं पिढ्यान्‌पिढ्या मुखानंच जपली, आणि परधानांनी ती गाऊन जागती ठेवली. जिथं इतिहास म्हाताऱ्यांच्या मुखात असतो, तिथं म्हाताऱ्याची आठवण गेली की नुसत्या एका घराचं नुकसान होत नाही. पण नुकसान साऱ्यांचं झालं तरी खर्च त्या एका घरालाच येतो.

इंग्रजी अमलात सरकारनं पहिली सोय केली ती वेड्यांच्या इस्पितळांची. नागपूरचं इस्पितळ १८६४ सालचं. तिथं म्हातारचळ लागलेली माणसं पाठवावीत असा कुणाचा हेतू नव्हता. पण रस्त्यानं भटकणाऱ्या, स्वतःचं नाव-गाव न सांगता येणाऱ्या माणसाला पोलिसांनी धरलं, तर त्याची रवानगी तिकडं होऊ शकत असे. १९१२ साली वेड्यांविषयीचा मोठा कायदा झाला. त्यातही एक कलम होतं, की रोग्याची मिळकत असेल किंवा त्याला पोसण्यास कायद्यानं बांधलेला कोणी ऐपतदार नातलग असेल, तर इस्पितळाचा खर्च त्याच्याकडून वसूल करावा. भिंती सरकारच्या आणि भाकरी घरची, असा तो मामला होता. पुण्याला १८६० च्या दशकात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निराधार व पंगू लोकांसाठी आश्रम निघाला, तो पुढं ‘निवारा’ म्हणून नावाजला. अशी ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच, आणि तीही शहरांत.

मात्र त्या काळातल्या एका सरकारी पुस्तकात आपल्या विषयाची एक चमत्कारिक नोंद सापडते. तिच्यापाशी मी तुम्हाला जरा थांबवणार आहे. हे पुस्तक म्हणजे दुष्काळाची नियमावली. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळानंतर १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल आला, १८८३ साली नियमांचा नमुना तयार झाला, आणि त्यावरून प्रांताप्रांतानं आपापली नियमावली केली. तिचं मुख्य तत्त्व साधं होतं. ज्याच्या अंगात बळ आहे त्यानं तलावाच्या, रस्त्याच्या कामावर यावं आणि मजुरी घ्यावी. मग ज्यांना येता येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी फुकट शिधा किंवा थोडे पैसे गावातच द्यायचे, असं ठरलं. त्यांची यादी दिली होती. वेडे आणि मंदबुद्धी, लुळे-पांगळे, आंधळे, वयामुळं किंवा अशक्तपणामुळं कमाई न करू शकणारे. आणि या यादीत आणखी एक वर्ग होता. घरातल्या आजाऱ्यापाशी किंवा तान्ह्या मुलापाशी ज्यांनी बसून राहणं अगदी आवश्यक आहे, असे लोक!

पाहिलंत? रोगी तर यादीत होताच, पण रोग्याला सांभाळणाराही यादीत होता. ही बाई कामावर येऊ शकत नाही, कारण ती घरी एक काम करतेच आहे, एवढं त्या रुक्ष नियमावलीला कळलं होतं.

यावरून त्या सरकारच्या दयाळूपणाचे गोडवे गाण्याचं कारण नाही. शिधा बेताचा असे. पोसणारा नातलग कोणी नाही अशी खात्री झाल्यावरच नाव चढे, आणि ते चढवणं गावच्या मुखत्याराच्या मर्जीवर असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत मध्यप्रांतात माणसं किती मेली ते आपल्या पणज्यांना ठाऊक होतं. शिवाय दुष्काळ संपला की यादी बंद. पण एकदा, संकटाच्या काळापुरतं का होईना, सांभाळणाऱ्याच्या बुडालेल्या मजुरीचा विचार सरकारी कागदावर आला होता, ही गोष्ट इतिहासात राहिली.

आणि पुढं ती हरवली. या नियमावलीतलं पहिलं तत्त्व, मागेल त्याला काम, महाराष्ट्रानं आपलं केलं. वि. स. पागे यांच्या प्रयत्नानं रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २००५ साली साऱ्या देशासाठी तसाच कायदा आला. त्या २००५ च्या कायद्यात एक चांगलं कलम होतं. कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. लेकरू सांभाळणं हे काम आहे, हे मान्य झालं. सासूला सांभाळणं हे काम आहे, हे मात्र कुठं लिहिलं गेलं नाही. जुन्या यादीतलं अर्धं वाक्य आलं आणि अर्धं गळालं, म्हणा ना!

स्वातंत्र्यानंतर कायदे पुष्कळ झाले. थोडक्यात सांगतो. १९५६ च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्यानं वृद्ध आईबापांना पोसण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली. पण तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू नव्हता, म्हणजे दरेकशाच्या आसपासची पुष्कळ घरं त्याबाहेर राहिली. १८९८ च्या फौजदारी संहितेत बायको आणि मुलं यांनाच पोटगी मागता येत होती. १९७३ च्या नव्या संहितेत आईबापांचा समावेश झाला, आणि ती सर्व धर्मांना, सर्व जमातींना लागू होती. १९८७ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लग्न झालेली मुलगीही कमावती असेल तर बापाला पोटगी देण्यास बांधलेली आहे. १९८० साली राज्यात संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. १९९५ साली केंद्राचं वृद्धांसाठी निवृत्तिवेतन सुरू झालं, तेव्हा ते महिना ७५ रुपये होतं. राज्याच्या योजनेला तर श्रावणबाळाचं नाव दिलं आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला, आणि महाराष्ट्रात तो २००९ पासून अमलात आला. उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढं साधा अर्ज करता येतो, आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहाचा हुकूम होऊ शकतो.

हे सारे कायदे चांगल्या हेतूचे आहेत. पण नीट वाचून पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. २००७ च्या कायद्यात मुलं म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. तिच्यावर बोजा नाही हे ठीकच झालं; पण तिचा हक्कही कुठं नाही. श्रावणाच्या कथेत कावड श्रावणानं वाहिली. आपल्या घरांत ती बहुधा सून वाहते, नाहीतर माहेरी राहिलेली लेक. कायदा मुलाला म्हणतो, पैसे दे. रात्री तीन वेळा उठून सासूचं लुगडं बदलणाऱ्या बाईला कायदा काहीच म्हणत नाही.

गुरुजींनी फळ्यावर मांडावा असा एक हिशेब सांगतो. समजा, मजुरी दिवसाला ३०० रुपये आहे. सुनेला रोवणी, धानकापणी आणि तेंदूपत्ता धरून वर्षाकाठी शंभर दिवस काम मिळत होतं, आणि सासूपायी ते सुटलं. बुडाले ३०,००० रुपये. २०२३ साली श्रावणबाळ योजनेची रक्कम वाढवून महिना १,५०० रुपये केली, म्हणजे वर्षाला १८,०००. सांभाळणारीची बुडालेली मजुरीसुद्धा यातून भरून निघत नाही. औषध, साबण, जादा कपडे, गोंदियाच्या खेपा हे सगळं वरचं. बरं, त्या वर्षी या योजनेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती २१,००० रुपये. ३०० रुपयांच्या हिशेबानं ही एका माणसाची सत्तर दिवसांची मजुरी झाली!

आरोग्याच्या योजनांचंही असंच. २०१२ साली राज्यात जीवनदायी योजना सुरू झाली, तिला २०१७ साली महात्मा फुले यांचं नाव मिळालं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. या योजना मुख्यतः इस्पितळातल्या उपचारासाठी आहेत. हा आजार मात्र इस्पितळात थोडा आणि ओसरीवर जास्त असतो. त्याचा मोठा खर्च खाटेपाशी होतो, आणि खाटेची पावती मिळत नाही.

हा काही शहरी श्रीमंतांचा आजार आहे, असं कोणी समजू नये. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या दर शंभर माणसांत सात ते आठ जणांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज निघाला. देशात सुमारे ८८ लाख. खेड्यांत प्रमाण शहरांपेक्षा जास्त आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. त्याआधी २०१० च्या अहवालात देशाला या आजाराचा वर्षाचा खर्च १४,७०० कोटी रुपये धरला होता, आणि घरच्यांच्या फुकट सांभाळाचं मोल हा त्या हिशेबाचा मोठा भाग होता.

बाहेरच्या देशांत काय चालतं? अमेरिकेत मेक्सिको आणि दक्षिणेकडच्या इतर देशांतून आलेली स्पॅनिश भाषिक कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांची रीत आपल्यासारखीच. आजी घरीच राहायची, तिला परक्यांच्या हाती द्यायचं नाही. मग लेक नोकरी सोडते. त्या समाजात हा आजार गोऱ्या अमेरिकनांपेक्षा सुमारे दीडपट आढळतो असं तिथल्या संस्था सांगतात. वृद्धांसाठी १९६५ साली तिथं सरकारी विमा आला, पण घरच्या दीर्घ सांभाळाचा खर्च त्यात धरलेला नाही. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात मात्र गरीब रोग्याला सांभाळणाऱ्या नातेवाइकालाच सरकारी मजुरी मिळू शकते. लेकीला पगार! ऐकायला विचित्र वाटतं खरं. जर्मनीत १९९५ पासून सांभाळासाठी निराळा विमा आहे, आणि घरीच सांभाळ होत असेल तर रोख रक्कम मिळते. जपाननं २००० साली तसा विमा आणला. शिवाय २००४ साली त्यांनी या आजाराचं जुनं, अपमानकारक नाव सरकारी भाषेतून काढून टाकलं. आपल्या देशात केरळनं अंथरुणाला खिळलेल्यांच्या सांभाळकर्त्यांसाठी ‘आश्वासकिरणम्‌’ नावाची योजना काढली, तिची रक्कम महिना ६०० रुपये ठरली. रक्कम लहान आहे, पण ती सांभाळणाऱ्याच्या नावानं निघते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही ज्यांना फार मदत लागते अशांच्या काळजीवाहकासाठी भत्त्याचा उल्लेख आहे. स्मृतिभ्रंशाचं स्वतंत्र नाव मात्र त्या कायद्याच्या यादीत नाही.

आता घरच्या घरी खर्च हलका कसा करावा, याबद्दल दोन शब्द. पहिली गोष्ट, विसर पडू लागला की आधी तपासणी. थायरॉइडचं बिघडणं, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची उदासी, पडल्यामुळं डोक्यात साकळलेलं रक्त, यांमुळंही माणूस भ्रमिष्ट दिसतो, आणि यांवर इलाज आहे. गोंदियाला २०१६ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. अंगाऱ्या-धुपाऱ्यावर कोंबडी आणि रोख घालवण्यापूर्वी तिथली एक खेप करावी. अल्झायमर मुळासकट बरा करणारं औषध अजून नाही. तसं कोणी विकत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

दुसरी गोष्ट कागदांची. बँकेचं खातं, निवृत्तिवेतन, सात-बारा यांची व्यवस्था माणूस शुद्धीत आहे तोवर करावी. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकेल असं जोडखातं करून ठेवावं. मुखत्यारपत्र करून घेतलं म्हणजे झालं, असं पुष्कळांना वाटतं. पण १८७२ च्या करार कायद्याप्रमाणं, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की ते मुखत्यारपत्र संपतं. त्याच कायद्यानं, ज्याला आपलं हित-अहित कळत नाही त्यानं केलेला करार टिकत नाही. तेव्हा भ्रम झालेल्या म्हाताऱ्याचा अंगठा कोणी कोऱ्या कागदावर उमटवून घेत असेल, मग तो घरातलाच का असेना, तर तो कागद कायद्यानं लटका आहे. आणि सांभाळण्याच्या अटीवर जमीन किंवा घर लिहून घेऊन मग कोणी सांभाळलं नाही, तर २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरण तो व्यवहार रद्द ठरवू शकतं.

तिसरी गोष्ट गुरुजींसाठी. सातवी-आठवीतली मुलगी रोवणी संपली तरी शाळेत परतली नाही, तर तिच्या घरी जरूर जाऊन या. पुष्कळदा आई मजुरीला गेलेली असते आणि आजीपाशी मुलगी बसवलेली असते. घराच्या दृष्टीनं तो सर्वांत स्वस्त उपाय असतो, कारण त्याची किंमत त्या वर्षी कुणालाच दिसत नाही. अशा घरी शेजारच्या दोन-तीन बायकांनी आळीपाळीनं दुपार वाटून घेतली, तरी मुलीची शाळा सुटत नाही. म्हातारीच्या लुगड्याच्या पदराला नाव, गाव आणि घरच्यांचा फोन नंबर शिवून टाकावा. कचारगडच्या यात्रेच्या दिवसांत तर विसरू नये. सल्ल्यासाठी दोन सरकारी नंबर आहेत. मानसिक आरोग्यासाठी १४४१६, आणि वृद्धांच्या कोणत्याही अडचणीसाठी १४५६७. दोन्हींना पैसे पडत नाहीत. शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात ते लिहून ठेवले, तर पोरं घरी जाऊन सांगतील.